बंदूक तुमच्याकडे वळली तर: परदेशातल्या तळावर कामाला जाणाऱ्या पोरांसाठी

खेडला भरणे नाक्यावर माझं एसी-फ्रिज दुरुस्तीचं दुकान आहे. अधूनमधून एखादा पोरगा येऊन बाकड्यावर बसतो आणि विचारतो, "चाचा, अमेरिकन कॅम्पवर लागतंय, जाऊ का?" मग पगार किती, ओव्हरटाइम मिळतो का, जेवण कसं, सुट्टी कधी, हे सगळं विचारून होतं. समोरच्या सैनिकाला आपलाच संशय आला तर काय करायचं, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. म्हणून लिहून ठेवतोय.

मी आधी अफगाणिस्तानात आणि मग कुवेतमध्ये अमेरिकन तळांवर एसी मेकॅनिक होतो. अफगाणिस्तानातले तळ २०२१ मध्ये बंद झाले. बगराम तर जुलैच्या सुरुवातीला एका रात्रीत रिकामा केला. पण कुवेत-कतारच्या तळांवर कुक, लाँड्रीवाले, ड्रायव्हर, इलेक्ट्रिशियन म्हणून आपल्या दापोली-मंडणगडची, गोव्याची माणसं जात आलीत. तळ बदलला की बॅजचे रंग बदलतात, नियमांची नावं बदलतात. सैनिकाची नजर बदलत नाही.

तो तुम्हाला कसा बघतो

तळावर चार प्रकारची माणसं असतात. गणवेशातले सैनिक. अमेरिकन सिव्हिलियन. मग आपण टीसीएन, म्हणजे तिसऱ्या देशातून आणलेले: भारतीय, नेपाळी, फिलिपिनो, श्रीलंकन, केनियन. आणि चौथे स्थानिक, त्यांना एलएन म्हणतात. प्रत्येकाचा बॅज वेगळा. कुठे एकट्याने फिरायचं आणि कुठे एस्कॉर्ट लागणार, ते त्या बॅजवर ठरतं. कागदावर हे अगदी चोख आहे. पण पन्नास मीटरवरून, धुळीत, दिवेलागणीच्या वेळी बॅज दिसतो कुणाला? दिसतो एक सावळा माणूस, धुळीसाठी तोंडाला रुमाल गुंडाळलेला, हातात काहीतरी धरून चाललेला.

मी मुसलमान, दाढी ठेवणारा. सुरुवातीला वाटायचं, माझ्या नावामुळे आणि दाढीमुळेच मला जास्त हटकतात. पण माझ्या खोलीत मडगावचा एक कुक होता. नाव पोर्तुगीज, गळ्यात क्रूस, दाढी रोज गुळगुळीत. त्यालाही नवा गार्ड "वदरेगा!" म्हणून ओरडायचा. पश्तूत, म्हणजे अफगाणांच्या एका भाषेत, त्याचा अर्थ थांब. त्यांना ट्रेनिंगमध्ये असे चार-पाच शब्द शिकवून पाठवायचे. तो बिचारा कुक पश्तू कळत नाही म्हणून चालतच राहायचा, आणि मग खरी पंचाईत व्हायची. तेव्हा ह्यात धर्म शोधत बसू नका. दुरून आपण सगळे एकाच रंगाचे.

आणि सैनिक इतका बिथरलेला का असतो, तेही माहीत असू द्या. २१ डिसेंबर २००४ ला इराकमध्ये मोसुलच्या तळावर भर जेवणाच्या वेळी, मेसच्या तंबूत, इराकी सुरक्षा दलाचा गणवेश घातलेल्या माणसाने स्वतःला उडवलं. २२ माणसं गेली. ३० डिसेंबर २००९ ला अफगाणिस्तानात खोस्तच्या चॅपमन तळावर एका जॉर्डनच्या डॉक्टरला आपला माणूस समजून झडती न घेता आत सोडलं. त्याने सीआयएची ७ माणसं मारली. १२ नोव्हेंबर २०१६ ला बगरामवर स्फोट करणारा अफगाण तर तळावरच्याच गाड्यांच्या यार्डात रात्रपाळीचा कामगार होता. चौकशीत निघालं की त्याने टूलरूममधून स्वतःच्या कामाशी संबंध नसलेली हत्यारं नेली होती आणि स्फोटकांचं जाकीट तळाच्या आतच बनवलं होतं.

आता माझ्या खांद्यावरची बॅग आठवा. लाल-निळ्या होजचं मॅनिफोल्ड गेज, गॅसचा सिलिंडर, वायरचे तुकडे, क्लॅम्प मीटर, टेप. आपल्याला ती बॅग म्हणजे रोजी. एकोणीस-वीस वर्षांच्या, घर सोडून पहिल्यांदाच बाहेर पडलेल्या पोराला ती बॅग काय वाटेल, ते त्याच्या जागी उभं राहून बघा.

अडवल्यावर पहिलं मिनिट

आवाज आला की थांबा. तो तुम्हाला उद्देशून आहे की नाही, हे मागे वळून बघायला जाऊ नका. आधी थांबा. हातात जे असेल ते आहे तिथेच धरून ठेवा. "खाली ठेव" असं तो म्हणाल्यावरच ठेवा, तेही हळू. मग दोन्ही तळवे त्याला दिसतील असे, बोटं उघडी.

बॅज काढून दाखवायला जाऊ नका. आपल्याकडे पोलिसाने अडवलं की हात आपोआप खिशात जातो, लायसन काढायला. तिथे शर्टाच्या आत जाणारा हात हीच सगळ्यात वाईट हालचाल. तोंडाने सांगा: "माय बॅज इज ऑन माय नेक." तो म्हणाला काढ, की दोन बोटांनी दोरी धरून बाहेर काढा. बॅज दंडावरच्या प्लास्टिकच्या पाकिटात लावत असाल तर उत्तम, मग हा प्रसंगच येत नाही. खिशात फोन थरथरला तर थरथरू द्या. घरून फोन असेल. बायको अर्ध्या तासाने पुन्हा करेल.

मान हलवणं बंद. हे मी सगळ्यात जास्त वेळा सांगतो आणि पोरं हसतात. आपण "हो" म्हणताना मान तिरकी डोलवतो. अमेरिकनाला ती ना हो वाटते ना नाही. त्याला वाटतं हा टाळतोय. "डू यू अंडरस्टँड?" ला मान डोलवलेला एक लाँड्रीवाला मी पाहिलाय; तोच प्रश्न त्याला तीनदा, प्रत्येक वेळी चढ्या आवाजात विचारला गेला. तोंडाने बोला. "येस" किंवा "नो". आणि कळलं नसेल तर "येस" नाहीच. "आय डोन्ट अंडरस्टँड, स्लो प्लीज." साहेबाला उगाच कशाला त्रास म्हणून प्रत्येक वाक्याला येस-येस करणं आपल्या अंगात आहे. तिथे ते अंगाशी येतं.

तशीच आणखी एक सवय. मोठ्या माणसासमोर आपण नजर खाली घालतो, आणि घाबरलो की उगाच हसतो. खाली गेलेली नजर म्हणजे काहीतरी लपवतोय, हसू म्हणजे चेष्टा. त्याच्या तोंडाकडे, निदान हनुवटीकडे बघा. हसू नका.

एका जुन्या सार्जंटने, त्याच्या ऑफिसचा एसी दुरुस्त करताना, मला त्यांच्या पायऱ्या सांगितल्या होत्या. आधी ओरडणं, मग शस्त्र दाखवणं, मग अंगाला हात लावून अडवणं, आणि शेवटी गोळी. म्हणजे रायफलची नळी तुमच्याकडे वळली तर तुम्ही दुसऱ्या पायरीवर आहात, अजून वेळ आहे. ढकलून गुडघ्यावर बसवलं तर तिसऱ्या. त्या क्षणी सैल व्हा. ताठ राहिलेला हात त्याला झटापट वाटतो. हात मागे घेऊन प्लास्टिकच्या पट्टीने बांधले तर मनगटं चिकटवू नका, मुठी वळा, म्हणजे पट्टी थोडी सैल बसते. फार घट्ट झाली तर "टू टाइट" म्हणा, एकदाच, शांतपणे. बहुतेक जण सैल करतात.

आणि हुज्जत नको. "मी इथे अमुक वर्षं काम करतो, तुझ्या कमांडरचा एसी मी लावला" हे सगळं खरं असलं तरी त्या मिनिटाला त्याचा उपयोग शून्य. एकच वाक्य परत परत: "आय वर्क हिअर. प्लीज कॉल माय सुपरवायझर." कंपनीचं नाव सांगा, सुपरवायझरचं नाव सांगा, गप्प बसा.

सार्जंटला "सर" म्हटलं तर कधी कधी उलट ओरडा बसतो. सर फक्त अधिकाऱ्याला. छातीवरच्या पट्टीत बाणासारख्या रेघा आणि खाली कमानी दिसल्या की "सार्जंट" म्हणा. कळलं नाही तर सर म्हणा आणि ओरडा खा. त्यात जीव जात नाही.

वहीचा किस्सा

तळाचं नाव लिहीत नाही. लाकडी खोल्यांची, ज्यांना बी-हट म्हणतात, एक रांग होती आणि मागच्या बाजूची एसीची आऊटडोअर युनिटं बदलायची होती. कॉपर पाईप किती लागेल ते बघायला मी भिंतीच्या कडेने पावलं मोजत चाललो होतो. टेप बॅगेत होता, पण कुठला मिस्त्री आधी पावलं टाकून अंदाज घेत नाही? पंधरा-वीस पावलं झाली की थांबायचं, खिशातल्या वहीत चौकोन काढायचे, आकडे टाकायचे, पुढे जायचं.

मला माहीत नसलेली गोष्ट अशी की उखळी तोफा आणि रॉकेट सोडणाऱ्यांना नेमकं हेच हवं असतं: कुठून कुठपर्यंत किती पावलं. आतला माणूस पावलं मोजतो, बाहेरचा नेम धरतो. सैनिकांच्या ट्रेनिंगमध्ये संशयास्पद वागण्याच्या यादीत हे वरच्या बाजूला असतं. आणि तिथलं सैनिकांचं युनिट, म्हणजे तुकडी, येऊन आठवडाही झाला नव्हता.

पुढे व्हायचं ते झालं. गुडघ्यावर बसवलं, हात मागे बांधले, वही काढून घेतली. वहीत खोल्यांचा नकाशा आणि शेजारी न कळणारी लिपी. दुभाष्या अफगाण होता, त्यांच्याकडे टर्प म्हणतात. त्याला बोलावलं. त्याने वही उलटसुलट केली आणि सांगितलं, ही अफगाणांची 'दरी' भाषा नाही, पश्तू नाही, अरबीही नाही. झालं! आता तर ती सांकेतिक लिपी ठरली. मी "हिंदी, इंडिया" म्हणत होतो. मराठी म्हणून गुंता वाढवायची ती वेळ नव्हती.

सुटका केली गेटवरच्या नेपाळी गार्डने. त्या काळी तळांच्या फाटकांवर आणि टॉवरवर खाजगी कंपन्यांचे नेपाळी गार्ड बरेच असायचे, बहुतेक निवृत्त गुरखे. नेपाळीचीही लिपी देवनागरीच. त्याने घडाघडा वाचलं: "पाईप २२ फूट. गॅस. खोली ७ ड्रेन तुटलाय." गॅस शब्दावर पुन्हा एकदा सगळ्यांच्या भुवया वर गेल्या. शेवटी माझा फोरमन वर्क ऑर्डर घेऊन धावत आला तेव्हा हात सोडले. ज्या पोराने मला खाली बसवलं होतं, त्याने वही उचलून झटकली आणि परत दिली. "सॉरी" म्हणाला. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला जे शिकवलं होतं ते त्याने केलं. मला नोकरीवर घेताना ही गोष्ट न सांगणाऱ्या कंपनीवर राग आहे, तो अजून आहे.

त्यानंतर मी कसं काम करायचो, ते सांगतो. हे तुम्ही पहिल्या दिवसापासून करा.

वर्क ऑर्डरची छापील प्रत क्लिपबोर्डवर, सगळ्यात वर. कागदावर इमारतीचा नंबर, तारीख, मागणी करणाऱ्या युनिटचं नाव. त्या इमारतीचं काम सुरू करण्याआधी, बाहेरचं काम असलं तरी, आत जाऊन कुणातरी गणवेशवाल्याला सांगायचं: एसी, आऊटसाइड, वन अवर. त्याचं नाव छातीवर लिहिलेलं असतं, ते क्लिपबोर्डवर टिपायचं. मोजमाप टेपने, आणि शक्यतो दोघांनी. लिखाण इंग्रजीत, कंपनीच्या फॉर्मवर. खिशात मराठी वही ठेवायची तर ती घरच्या हिशोबाची, आणि तीही खोलीवर. चित्र काढायचं तर एकाच एसी युनिटचं काढा, खोल्यांच्या रांगेचं नाही. विमानतळाची धावपट्टी, टॉवर, अँटेना ह्यांच्याकडे बघत उभं राहू नका. फोटोचं तर नावच काढू नका, सेल्फीच्या मागे काय येतंय ते तुम्हाला कळत नाही. टूलरूममधून हत्यार घेतलं की रजिस्टरवर कामाचा नंबर लिहा आणि काम संपलं की त्याच पाळीत परत करा. बगरामच्या स्फोटानंतर त्या रजिस्टरला फार किंमत आली.

रात्री अंगावर चमकणारा पट्टा. सैनिकांनाही तो घालावा लागतो आणि ते त्यावर एकमेकांत विनोद करतात. तुम्ही विनोद करू नका, घाला. धावू नका. "इनकमिंग"चा, म्हणजे रॉकेट येतंय असा, भोंगा वाजला तर आधी जमिनीवर पालथे पडा, मग जवळच्या बंकरमध्ये जा, आणि सगळं शांत झाल्यावर आपल्या सुपरवायझरच्या हजेरीत तोंड दाखवा. रॉकेट पडलं त्या वेळी जो हजेरीत नव्हता, त्याला नंतर पुष्कळ प्रश्न विचारले जातात.

सैनिकांच्या नकोशा झालेल्या कपड्यातलं काही अंगावर घालू नका. त्यांचं जाकीट उबदार असतं, मान्य. थंडीत कुडकुडा, पण घालू नका.

युनिट बदललं की तुम्ही पुन्हा अनोळखी

हे कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते ह्या सगळ्यात महत्त्वाचं हेच. सैनिक कायमचे नसतात. आर्मीची युनिटं साधारण नऊ महिन्यांनी बदलायची, एअरफोर्सवाले त्याहून लवकर. आपण तिथे वर्षानुवर्षं. गेटवरच्या सगळ्यांशी ओळख झालेली असते, "हे, एसी मॅन!" म्हणून हाक मारतात, मेसमध्ये बॅजकडे न बघता सोडतात. आणि एका सकाळी सगळी तोंडं नवी. एसटीचा ओळखीचा कंडक्टर बदलून नवा आला की पास पुन्हा काढून दाखवावा लागतो, तसं. इथे फरक एवढाच की कंडक्टरच्या हातात भरलेली रायफल आहे.

माझ्या बघण्यात संशयाचे प्रसंग सगळ्यात जास्त घडले ते ह्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत. तेव्हा जुन्या सवयी सोडा. जवळच्या वाटा बंद, फक्त मुख्य रस्ता. सुपरवायझरला घेऊन गार्डरूममध्ये जा आणि सांगा, ही आमची एसीची टीम, ह्या इमारतींवर आम्ही रोज येतो. चांगला सुपरवायझर हे स्वतःहून करतो. तुमचा करत नसेल तर त्याच्या मागे लागा. जाणाऱ्या युनिटमधल्या एखाद्या सार्जंटशी पटत असेल तर त्याला म्हणा, नव्या माणसाशी ओळख करून दे. जुने आणि नवे काही दिवस एकत्र असतात, तेवढाच वेळ.

आणि त्या तीन आठवड्यांत स्थानिक कामगारांशी कोपऱ्यात गप्पा नकोत. हे लिहिताना मला वाईट वाटतं. अफगाण माणसं आपल्यावर जीव टाकायची. निम्मे पेशावरच्या निर्वासित छावण्यांत वाढलेले, उर्दू फर्डी, उरलेले हिंदी सिनेमावर शिकलेले. चहा पाजल्याशिवाय सोडायचे नाहीत. पण २०१२ मध्ये गणवेशातल्या अफगाणांकडून हल्ले वाढले आणि तेव्हापासून स्थानिकांसोबत काम चालू असलं की एक सैनिक भरलेली रायफल घेऊन बाजूला उभा राहायचा, नुसता बघायला. त्याला गार्डियन एंजल म्हणायचे. त्याला न कळणाऱ्या भाषेत दोन माणसं हसतायत, एवढंच त्याला दिसतं. बोला, पण उघड्यावर, सगळ्यांसमोर, आणि कुणी विचारलं काय बोलत होतात तर लगेच सांगता येईल असं.

मुलाखत आणि फोन

नोकरी लागताना दहा बोटांचे ठसे, डोळ्यांचे आणि चेहऱ्याचे फोटो घेतात. नंतरही अधूनमधून चौकशीला बोलावतात. साध्या कपड्यातली माणसं असतात, गोड बोलतात, पाणी देतात. कुठल्या गावचे, घरी कोण, पाकिस्तानात कधी गेलात का, नातेवाईक कुठे, पैसे घरी कसे पाठवता.

शेवटच्या प्रश्नावर आपली कोकणातली माणसं अडकतात. हवाला. दोन पैसे जास्त मिळतात म्हणून पाठवतात आणि मुलाखतीत सहज बोलून जातात. अमेरिकनांच्या डोक्यात हवाला म्हणजे थेट अतिरेक्यांचा पैसा. बँकेनेच पाठवा, पावत्या जपून ठेवा.

उत्तर तेवढंच द्या जेवढं विचारलंय, आणि मागच्या वेळी जे सांगितलं तेच. चुलत भावाला कधी भाऊ, कधी कझिन म्हणू नका. आपल्याकडे सगळेच भाऊ. त्यांच्या फॉर्मवर मागच्या वर्षी दोन भाऊ होते आणि ह्या वर्षी पाच झाले तर ते खोटं ठरतं. खोटं मात्र खरंच बोलू नका. दुभाष्या मागायला लाजू नका, पण हिंदीचा मागा. उर्दूचा दिला तर तोही चालतो.

फोन बघायला मागतात. जाण्याआधी घरीच साफ करा. व्हॉट्सॲपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरतात ते बंद करा. गावच्या ग्रुपवर कुणी युद्धाचा नाहीतर दंगलीचा व्हिडिओ टाकला, की तो तुमच्या फोनमध्ये तुमचाच. लग्नात हातात कट्यार धरलेला नवरदेव, शिवजयंतीला तलवार उचललेला मित्र, रानात डुकराच्या शिकारीला गेलेल्या मामाची ठासणीची बंदूक: हे सगळे फोटो घरच्या फोनवर राहू द्या. पुष्कळ तळांवर कॅमेऱ्याचा फोन कामाच्या जागी नेऊच देत नाहीत. नियम विचारून घ्या, शेजारी नेतो म्हणून नेऊ नका.

मी होतो तेव्हा कुवेतमध्ये वातावरण निवांत असायचं, तिथला संशय बाँबचा कमी आणि चोरीचा जास्त. परत जाणारे सैनिक खूप काही देऊन टाकतात: स्पीकर, बूट, छोटा फ्रिज, खाण्याचे डबे. गेटवर झडतीत ते सापडलं आणि कागद नसला, की चोरी. देणाऱ्याकडून चार ओळी लिहून घ्या, त्याचं नाव, हुद्दा, युनिट, तारीख, सही. तो निघून गेल्यावर ते कुणी लिहून देणार नाही. आणि कुवेतचा बताका, म्हणजे सिव्हिल आयडी, तळाच्या बॅजसोबत कायम जवळ ठेवा. बाहेरच्या नाक्यावर कुवेती माणूस उभा असू शकतो आणि त्याला अमेरिकन बॅजशी देणंघेणं नसतं.

बॅज ओढला तर

गोळीपेक्षा जास्त घडतं ते हे. कुणालातरी संशय येतो, बॅज काढून घेतात, आणि बॅज नाही तर काम नाही, मेस नाही, खोलीही नाही. तळाचा कमांडर तुम्हाला तळावर येण्यास बंदी घालू शकतो. त्याला बारमेंट म्हणतात. हा अधिकार किती मोठा आहे बघा. अमेरिकेतच, वॉशिंग्टनच्या नौदलाच्या तोफ कारखान्यात, रेचल ब्रॉनर नावाची कॅन्टीनमधली कुक होती. सहा वर्षांहून जास्त काम केलेलं. सुरक्षेच्या अटीत बसत नाही म्हणून तिचा बॅज काढला, नेमकं कारण सांगितलंच नाही. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९६१ मध्ये ५ विरुद्ध ४ अशा मतांनी कमांडरच्या बाजूने निकाल लागला. अमेरिकेत, अमेरिकन बाईच्या बाबतीत हे झालं. तेव्हा "मी कोर्टात जाईन" ही भाषा डोक्यातून काढा आणि कागदाच्या मागे लागा.

मंडणगडचा एक लाँड्रीवाला आमच्यासोबत होता. चुकीच्या जागी फोन सापडला म्हणून बॅज ओढला. त्याच संध्याकाळी कंपनीच्या माणसाने त्याच्यापुढे राजीनाम्याचा कागद ठेवला: सही कर, उद्याची फ्लाइट. सही करू नका. राजीनामा दिला की तुम्ही आपल्या मर्जीने गेलात असं होतं. अमेरिकन सरकारी कंत्राटात कामगाराचा पासपोर्ट दाबून ठेवायला आणि भरतीचे पैसे घ्यायला मनाई आहे, आणि बाहेरून आणलेल्या कामगाराला परत पाठवायचा खर्च काम देणाऱ्याचा असतो. हे लिहिलेलं पोस्टर मेसच्या भिंतीवर असतं, तक्रारीच्या हॉटलाइनच्या नंबरासकट. पहिल्याच आठवड्यात ते वाचा आणि नंबर कागदावर उतरवून ठेवा, फोनमध्ये नको, कारण फोन जप्त होतो.

मग मागायचं काय? एक, बारमेंटचं पत्र, प्रत तरी. दोन, कारण लेखी. तीन, पुनर्विचाराचा अर्ज कुणाकडे द्यायचा त्याचं नाव. अर्ज एका पानाचा करा: तारीख, वेळ, जागा, तुमचा बॅज नंबर, वर्क ऑर्डरचा नंबर, तिथे हजर असलेल्यांची नावं, आणि तुम्ही काय करत होतात ते सरळ चार वाक्यांत. सैनिकाविरुद्ध एक शब्द नको. ज्या इमारतींचं काम तुम्ही केलंत तिथल्या एखाद्या अधिकाऱ्याचं दोन ओळींचं पत्र मिळालं तर सोन्याहून पिवळं. म्हणून म्हणतो, युनिट जायच्या आधी शिफारसपत्र मागून ठेवा, दरवेळी. लाजू नका, ते खुशीने देतात, छापील प्रमाणपत्रसुद्धा देतात. मंडणगडवाल्याकडे मागच्या दोन युनिटांची अशी पत्रं होती, त्यांच्या जोरावर त्याला बॅज परत मिळाला. दुसऱ्या एकाकडे नव्हती, तो घरी गेला.

झटापटीत मार लागला असेल तर त्याच दिवशी तळाच्या दवाखान्यात दाखवा आणि कागद घ्या. १९४१ चा डिफेन्स बेस ॲक्ट नावाचा कायदा आहे, कामावर झालेल्या दुखापतीची भरपाई त्यात मिळते, कामगार कुठल्याही देशाचा असो. मालकाला लेखी कळवायला ३० दिवस, दावा करायला १ वर्ष. घरी येऊन मुंबईच्या डॉक्टरला दाखवू म्हणाल तर मुदत निघून जाते.

निघण्याआधीचं थोडक्यात. एजंट परवानाधारक आहे का, ते भारत सरकारच्या ई-मायग्रेटच्या साइटवर बघा; कायद्याने त्याची फी ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, त्याहून जास्त मागितली तर उठून या. करारावर कुठला देश लिहिलाय ते वाचा. कुवेतच्या नावाने नेऊन पुढे इराकला पोचवलेली माणसं मी भेटलोय. अशा माणसाला तळावर अडवलं की त्याच्या पासपोर्टवर त्या देशाचा व्हिसाच नसतो, मग वकिलातीलाही काही करता येत नाही. करार, पासपोर्ट, व्हिसा, तळावर जायचं अधिकारपत्र म्हणजे एलओए, सगळ्याच्या प्रती घरच्यांच्या ईमेलवर टाकून जा. काही झालं तर घरचे परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार करू शकतात, पण हातात कागद असतील तरच.

आणि एकदा बारमेंट झाली असेल आणि दुसऱ्या तळाच्या फॉर्मवर तो प्रश्न आला, तर एजंट सांगेल, "नाही" लिही, कुणाला कळतंय. तुमचे ठसे आणि डोळे त्यांच्याकडे आहेत, कळतं. "हो" लिहा, पत्राची प्रत जोडा, आणि पुनर्विचारात काय निकाल लागला त्याचीही.